तारखेच्या पोटातली वेळ

छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक कोणत्या वारी झाला?

तारीख आपल्याला शाळेपासून पाठ आहे : ६ जून १६७४. मग वार काढणं म्हणजे एका ओळीचं काम. पोस्टग्रेस उघडा, ही तारीख द्या, वार मागा. क्षणात उत्तर येतं, बुधवार. ओरॅकलला विचारा, तोही बुधवारच म्हणेल. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये जुना 'डेटटाइम' प्रकार वापरलात तर तो सरळ हात वर करतो, ही तारीख माझ्यात बसतच नाही म्हणतो.

आता मशीन बाजूला ठेवा आणि कागद बघा. त्या दिवशी रायगडावर ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. त्याच्या इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे ६ जूनला होता शनिवार. आणि जेधे शकावली काय म्हणते? शुक्रवारची तीन घटका रात्र उरलेली असताना महाराज सिंहासनावर बसले.

म्हणजे एक घटना आणि वार तीन. बुधवार, शुक्रवार, शनिवार! यात खोटं कोणीच बोलत नाहीये, आणि कुठल्याही प्रोग्रॅममध्ये बग नाहीये.

माझा धंदा डेटाबेसचा. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून आजपर्यंत ज्युनिअर मंडळींकडून सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न म्हणजे "सर, तारखेच्या कॉलममधून फक्त वेळ कशी काढायची?" प्रश्न इतका किरकोळ वाटतो की उत्तराची ओळ चिकटवून आपण चहाला निघतो. पण या एका ओळीमागे भरपूर इतिहास आहे. आज त्याबद्दलच थोडं.

आधी रायगडाचा गुंता सोडवू. शुक्रवार आणि शनिवार यातला फरक साधा आहे. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. एक घटका म्हणजे २४ मिनिटं, दिवसाच्या ६० घटका. तीन घटका रात्र उरली म्हणजे सूर्योदयाला ७२ मिनिटं बाकी, साधारण पहाटे पाचच्या आतबाहेर. पंचांगाच्या हिशेबाने अजून शुक्रवार संपलेला नाही. इंग्रजी हिशेबात मात्र मध्यरात्र उलटली, म्हणजे शनिवार उजाडला. दिवस कुठे बदलतो एवढाच प्रश्न.

बुधवारचं कारण वेगळं. इंग्रजांनी तेव्हा ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारलेलं नव्हतं, ते जुनं जुलियन वापरत होते. सतराव्या शतकात दोघांत १० दिवसांचा फरक होता. आपली पाठ असलेली ६ जून ही जुलियन तारीख. आजच्या कॅलेंडरप्रमाणे ती १६ जून होते. बहुतेक डेटाबेस मात्र १६७४ सालालाही आजचंच कॅलेंडर लावतात आणि मग ६ जूनला बुधवार येतो.

थोडक्यात काय, तर तारीख ही काही वस्तू नाही, तो एक करार आहे. दिवस कुठे सुरू होतो, मोजणी कुठून, घड्याळ कोणाचं, हे ठरल्याशिवाय नुसत्या आकड्यांना अर्थ नाही. आता हा करार डेटाबेस बनवणाऱ्यांनी कसा केला ते बघू. खरी गंमत तिथे आहे.

एडगर कॉडचा रिलेशनल मॉडेलवरचा प्रसिद्ध पेपर १९७० चा. १९७४ मध्ये आयबीएममधल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी 'सीक्वेल' ही भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आला. १९८६ मध्ये अमेरिकन स्टँडर्ड झालं. आणि या १९८६ च्या स्टँडर्डमध्ये तारीख आणि वेळ यांच्यासाठी प्रकारच नव्हता! अक्षरं होती, पूर्णांक होते, दशांश होते, पण तारीख नाही. १९८९ च्या आवृत्तीतही नाही. ती आली १९९२ मध्ये. डेट, टाइम, टाइमस्टँप, इंटरव्हल आणि त्यांच्यातून हवा तो तुकडा काढणारं 'एक्स्ट्रॅक्ट', सगळं एकदम.

पण तोपर्यंत बँका, विमान कंपन्या, कारखाने काय थांबले होते का? त्यांना तारखा रोज लागत होत्या. मग प्रत्येक कंपनीने आपापली सोय करून घेतली.

ओरॅकलने सात बाइट घेतले. शतक, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, प्रत्येकाला एकेक. प्रकाराचं नाव 'डेट', पण पोटात वेळ कायम असते. म्हणूनच 'आजच्या ऑर्डरी दाखव' म्हणून नुसत्या तारखेशी तुलना केली की नवशिक्याला एकही ऑर्डर दिसत नाही. ऑर्डर आलेली असते दुपारी सव्वातीनला आणि तो विचारत असतो मध्यरात्रीबद्दल.

सायबेसने दुसरा मार्ग धरला. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर १९८९ मध्ये सायबेसच्याच कोडवर उभा राहिला, त्यामुळे वारसा तोच. इथे डेटटाइमचे आठ बाइट, चार-चारचे दोन पूर्णांक. पहिला म्हणजे १ जानेवारी १९०० पासून किती दिवस झाले. दुसरा म्हणजे मध्यरात्रीपासून सेकंदाचे किती तीनशेवे भाग झाले. हो, तीनशेवे. म्हणून तिथल्या मिलिसेकंदांचा शेवटचा आकडा नेहमी ०, ३ किंवा ७ येतो. तुम्ही ९९९ मिलिसेकंद लिहिलेत तर ते पुढच्या सेकंदाला जाऊन बसतात. रात्रीचे ११:५९:५९.९९९ लिहून 'दिवसाचा शेवट' पकडायला गेलात तर दुसऱ्या दिवसाच्या नोंदी रिपोर्टात घुसतात, त्याचं मूळ इथे आहे.

आणि या प्रकारात १ जानेवारी १७५३ च्या आधीची तारीख चालत नाही. पोर्तुगाल आणि स्पेनने ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं होतं, ब्रिटनने ते घेतलं १७५२ मध्ये. त्या वर्षी तिथे २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला, मधले ११ दिवस गायब. ही भानगड नको म्हणून इंग्रजी कॅलेंडरचं पहिलं 'स्वच्छ' वर्ष धरलं, १७५३. ब्रिटिश पार्लमेंटच्या एका कायद्यामुळे रायगडावरचा सोहळा आपल्या टेबलात बसत नाही, म्हणजे बघा!

युनिक्सवाल्यांचं तिसरंच. १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये वेळ मोजली जायची सेकंदाच्या साठाव्या भागात. ३२ बिटांत ती जेमतेम सव्वादोन वर्षं पुरायची. पुढे मोजणी सेकंदांवर आली आणि आरंभ ठरला १ जानेवारी १९७०. ते ३२ बिट १९ जानेवारी २०३८ रोजी भरतात, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. मंगळवार आहे, म्हणजे बरेच जण ऑफिसच्या वाटेवर असतील :)

१९९२ मध्ये स्टँडर्ड आलं, तोवर कोट्यवधी ओळी कोड लिहून झालेला होता. कोण बदलणार? म्हणून आजही एकाच कामाचे चार मंत्र आहेत. पोस्टग्रेसमध्ये एक्स्ट्रॅक्ट, ओरॅकलमध्ये टू-चार, मायएसक्यूएलमध्ये डेट-फॉरमॅट, एसक्यूएल सर्व्हरमध्ये कन्व्हर्ट आणि त्याचे पाठ करायचे नंबर. वेळ हवी तर १०८, दिवस-महिना-वर्ष हवं तर १०३, अमेरिकन पद्धत हवी तर १०१. एसक्यूएल सर्व्हरला निव्वळ तारीख आणि निव्वळ वेळ असे वेगळे प्रकार मिळाले थेट २००८ च्या आवृत्तीत. तोवर फक्त 'सकाळी सव्वानऊ' साठवायचं असेल तर त्याला १ जानेवारी १९०० ही तारीख आपोआप चिकटायची, आणि कुणीतरी रिपोर्टात ती दिसू द्यायचं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अपॉइंटमेंट मी छापील कागदावर पाहिल्या आहेत.

फॉरमॅटिंगची फजिती तर वेगळीच. ओरॅकलमध्ये 'एमएम' म्हणजे महिना, मिनिटाला 'एमआय'. तास आणि मिनिटं हवीत म्हणून कोणी 'एचएच२४:एमएम' लिहिलं की जुलै महिनाभर सगळे व्यवहार सात मिनिटांनीच होतात. १०:०७, ११:०७, १५:०७... आणि बघणाऱ्याला पटकन कळतही नाही, कारण आकडे दिसतात अगदी खऱ्यासारखे. नुसता 'एचएच' लिहिला तर घड्याळ बारा तासांचं, म्हणजे पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन एकच.

आणि एकदा का वेळेचं अक्षरांत रूपांतर झालं की ती वेळ राहतच नाही, तो मजकूर होतो. मजकुराच्या क्रमात ९:०० हे १०:०० च्या नंतर येतं, कारण ९ हे अक्षर १ पेक्षा मोठं. १९८८ च्या आयएसओ ८६०१ मध्ये वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, सगळीकडे पुढे शून्य, असा क्रम घेतला आहे. तो मजकूर म्हणून लावला तरी बरोबर लागतो.

इथपर्यंत हे सगळं गंमतीचं वाटेल. पण 'फक्त वेळ काढणं' म्हणजे माहिती फेकून देणं आहे, आणि फेकलेलं कोणाच्या वाट्याचं होतं, हे मला एका हजेरीच्या सिस्टिमवर कळलं.

एका कारखान्याचं काम होतं, नाव महत्त्वाचं नाही. मी तिथे गेलो तेव्हा सिस्टिम चालू होऊन बरेच महिने झाले होते. कार्ड पंच केलं की मशीन पूर्ण तारीख-वेळ द्यायचं. पण आत घेताना वेळ वेगळी काढून 'आत' आणि 'बाहेर' अशा दोन कॉलमांत ठेवलेली, तारीख एकच. पहिल्या पाळीला ठीक. दुसरीला ठीक. तिसरी पाळी रात्री १० ते सकाळी ६. आता सहातून बावीस वजा करा. उणे सोळा! आणि उणे आकडा आला की शून्य धरायचं, अशी अट कोडमध्ये घातलेली. रात्रभर यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या नावावर तास शून्य.

पगार अडत नव्हते, कारण एक वयस्कर टाइमकीपर रोज सकाळी जुनी वही उघडून तिसऱ्या पाळीचे तास हाताने भरत असत. पण ओव्हरटाइमचा हिशेब मशीनवरूनच निघायचा. सहाला सुटणारा माणूस आठपर्यंत थांबला, तर ते दोन तास वहीत असायचे आणि स्लिपवर नसायचे. कामगार तक्रार घेऊन यायचे आणि त्यांना उत्तर मिळायचं, "कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही."

इलाज दहा मिनिटांचा होता. दोन्ही पंच पूर्ण तारीख-वेळेसकट ठेवा, वजाबाकी त्यांची करा, आणि तास-मिनिटं दाखवायची ती फक्त शेवटी, कागदावर. शिवाय 'पाळीचा दिवस' असा वेगळा कॉलम ठेवा. म्हणजे पहाटे पाचला केलेलं काम आदल्या दिवसाच्या पाळीत मोडतं. ही कल्पना मी त्या टाइमकीपर काकांना समजावत होतो तर ते म्हणाले, "म्हणजे पंचांगासारखं. उजाडेपर्यंत कालचाच दिवस." बरोब्बर! रेल्वेच्या वेळापत्रकातही पोचण्याच्या वेळेपुढे प्रवासाचा कितवा दिवस ते लिहिलेलं असतं. ज्यांचं काम रात्रीतून चालतं त्यांना हे आधीपासून ठाऊक आहे.

गिरण्यांच्या मुंबईत तर घड्याळावरून भांडणंच झालेली आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे मात्र मद्रास वेधशाळेच्या वेळेवर चालायची, ती ५ तास २१ मिनिटं पुढे. म्हणजे शहरातलं घड्याळ आणि स्टेशनातलं घड्याळ यांत अर्ध्या तासाचा फरक. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनने मद्रास वेळ मुंबईवर लादायचा प्रयत्न केला, लोकांनी ऐकलं नाही, १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. मग १ जानेवारी १९०६ पासून आजची साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईचं घड्याळ ३९ मिनिटं पुढे सरकणार होतं. ऑफिसातल्या साहेबाला त्याचं फारसं काही नाही. पण गिरणीच्या भोंग्यावर पळणाऱ्या कामगाराला त्याच आकड्याच्या वेळेला हजर राहायचं, तर सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी उठायला लागणार! जानेवारी १९०६ मध्ये गिरणी कामगारांनी याविरुद्ध निदर्शनं केली. महापालिकेतही खडाजंगी झाली आणि 'बॉम्बे टाइम' शहरात पुढे कित्येक वर्षं, अगदी स्वातंत्र्यानंतरही काही काळ टिकून राहिला. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली.

आता हा इतिहास आपल्या डेटाबेसला माहीत आहे का? थोडासा. जगभरची घड्याळं केव्हा किती सरकली याची एक यादी आहे, आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेली आणि पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळलेली. लिनक्स, जावा, पोस्टग्रेस, सगळे तीच वापरतात. आपल्याला तिच्यात एकच नाव : 'आशिया/कोलकाता'. त्यात १८५४ पर्यंत कलकत्त्याची स्थानिक वेळ आहे, १८७० पासून १९०५ अखेरपर्यंत मद्रासची वेळ आहे, महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ घड्याळं एक तास पुढे होती तेही आहे. मुंबईची वेळ मात्र नाही. कारण या यादीचा नियमच असा की १९७० पासून ज्यांची घड्याळं सारखी चालली त्यांना एक नाव.

करून बघा. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, दुपारी ३:३५. ही वेळ 'आशिया/कोलकाता' धरून भरा. डेटाबेस तिला कलकत्त्याच्या घड्याळाप्रमाणे वाचेल आणि आपली गाडी एक तास दोन मिनिटं आधीच सोडून देईल.

या यादीवरून एकदा कोर्टकचेरीही झाली. सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेतल्या अॅस्ट्रोलेब नावाच्या कंपनीने ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा ठोकला, आमच्या अॅटलासमधली माहिती घेतली म्हणून. ही कंपनी कसलं सॉफ्टवेअर विकायची? ज्योतिषाचं! अर्थात आपल्याला यात नवल वाटायला नको. जुन्या काळी कुठल्या गावात नेमकं कुठलं घड्याळ चालायचं याची चिकाटीने नोंद ठेवायला पत्रिका मांडणाऱ्यांइतकं कारण दुसऱ्या कोणाला होतं? काही दिवस यादी नेटवरून गायब झाली, मग आयकॅनने तिची जबाबदारी घेतली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने माफी मागून दावा मागे घेतला. घड्याळ कधी बदललं ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे, ती कोणाच्या मालकीची नसते, असा बचाव पक्षाचा मुद्दा होता. दावा टिकला असता तर तुमच्या-माझ्या सर्व्हरवरच्या वेळेचं काय झालं असतं, विचार करा.

शेवटचं उदाहरण, आणि हे रोजच्या कामातलं. हल्ली सगळं यूटीसीमध्ये साठवा म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण साठवताना यूटीसी आणि तारीख काढतानाही यूटीसी, असं केलं की काय होतं? १५ ऑगस्ट १९४७ ची मध्यरात्र यूटीसीत १४ ऑगस्टची संध्याकाळ ६:३० असते. वेळ छाटून तारीख काढा, भारत एक दिवस आधीच स्वतंत्र झालेला दिसेल. हाच प्रकार रोज मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत भरलेल्या प्रत्येक नोंदीचा होतो. मुदतीच्या दिवशी बारा वाजून गेल्यावर भरलेलं बिल, रात्री दीडला जन्मलेलं बाळ, तिसऱ्या पाळीचा कामगार, सगळे आदल्या दिवशी जाऊन पडतात. एखाद्याचा दंड चुकतो, एखाद्याच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकते, आणि ती दुरुस्त करायला सरकारी खिडक्यांचे किती खेटे घालायला लागतात हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा, सोमवारी ऑफिसात कोणी "फक्त वेळ कशी काढायची?" म्हणून विचारलं तर ओळ जरूर द्या. पण त्याआधी तीन गोष्टी विचारा. घड्याळ कुठलं? दिवस कुठे बदलतो? आणि ही नुसती दाखवायची आहे की पुढे हिशेबाला लागणार आहे? दाखवायची असेल तर हवं तसं नटवा, बारा तास करा, चोवीस करा, मराठी आकडे घाला. हिशेबाला लागणार असेल तर अख्खी ठेवा, पोटातल्या वेळेसकट आणि वेळेच्या गावासकट.

असो. लेख ठरवलं होतं त्यापेक्षा लांबला. घरात आजी-आजोबांच्या जुन्या पत्रिका असतील तर या सुट्टीत काढून बघा. जन्मवेळेपुढे 'मुं. टा.' किंवा 'स्टँ. टा.' असं काही लिहिलेलं सापडलं तर जरूर कळवा. आपण ज्या कॉलमला आज टाइमझोन म्हणतो, तोच तो.